टॅमॉक्सिफेन आणि लेट्रोझोल: दीर्घ वापरानंतरचा अभिप्राय

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन आटोपल्यावर ज्यांच्या तपासणी-अहवालात ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे ग्राही आहेत) असे लिहिलेले असते, त्यांना शेवटी एक छोटी गोळी सुरू केली जाते आणि ती रोज एक याप्रमाणे पाच वर्षे, काहींना सात किंवा दहा वर्षे, घ्यायला सांगितले जाते. पाळी चालू असेल तर बहुधा टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम आणि पाळी कायमची गेली असेल तर लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल १ मिलिग्रॅम. मी आधी टॅमॉक्सिफेन आणि पाळी गेल्यावर लेट्रोझोल, अशा दोन्ही गोळ्या दीर्घकाळ घेतल्या आहेत. मी डॉक्टर नाही. परंतु या गोळ्यांचा गुण, त्रास आणि किंमत, तसेच त्या लिहून देणाऱ्या फॉलो-अपच्या सेवेचा दर्जा, यांविषयी सविस्तर लिहावे असे अनेक दिवस मनात होते. गोळी उत्तम आहे. तिच्याबरोबर मिळणारी सेवा मात्र तिच्या योग्यतेची नाही, आणि अनेक स्त्रिया ही गोळी मध्येच सोडतात याचे मुख्य कारण मला त्या सेवेत दिसते.

प्रथम गुणाविषयी. शरीरातील इस्ट्रोजेन ज्या पेशींना वाढायला मदत करते, त्यांच्या ग्राहीवर, म्हणजे हार्मोन जिथे चिकटते त्या जागेवर, टॅमॉक्सिफेन जाऊन बसते आणि इस्ट्रोजेनला जागा मिळू देत नाही. लेट्रोझोलचे काम वेगळे आहे. पाळी गेल्यानंतरही चरबी, स्नायू अशा ठिकाणी अरोमाटेज नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने थोडे इस्ट्रोजेन तयार होत राहते, ते लेट्रोझोल जवळजवळ बंद करते. अंडाशय काम करत असतील तर एकट्या लेट्रोझोलचा उपयोग होत नाही, म्हणून केमोमुळे पाळी थांबली एवढ्यावरून आपण होऊन गोळी बदलून घेणे धोक्याचे आहे. ऑक्सफर्ड येथे जगभरच्या चाचण्यांची माहिती एकत्र करून २०११ साली जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यानुसार ईआर पॉझिटिव्ह आजारात सुमारे पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने पहिल्या पाच वर्षांत आजार परतण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते, पुढच्या पाच वर्षांत, म्हणजे गोळी थांबल्यानंतरही, ते सुमारे एक तृतीयांशाने कमी राहते, आणि पंधरा वर्षांपर्यंत या आजाराने होणारे मृत्यूही सुमारे एक तृतीयांशाने घटतात. रोज पाण्याच्या घोटाबरोबर घ्यायच्या गोळीकडून यापेक्षा अधिक काय मागावे?

टॅमॉक्सिफेन १९६२ साली ब्रिटनमधील आयसीआय या कंपनीत तयार झाले ते गर्भनिरोधक म्हणून. त्या कामी ते निरुपयोगी ठरले. पुढे मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयात बळावलेल्या स्तनाच्या कर्करोगावर ते वापरून पाहिले गेले, त्याचे निष्कर्ष १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये त्याला परवानगी मिळाली. आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारताच्याही अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि कर्करोगाच्या इतर औषधांच्या मानाने फारच स्वस्त आहे. केमोच्या एका सायकलच्या खर्चात या गोळीची अनेक वर्षे निघतात. किमतीबाबत माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मिळण्याबाबत. मोठ्या रुग्णालयाच्या आवारातल्या मेडिकलमध्ये ती हमखास मिळते, परंतु तालुक्याच्या गावी पुष्कळदा 'मागवून देतो, परवा या' असे ऐकावे लागते, आणि परवाचा आठवडा झाला की तेवढे दिवस गोळीविना जातात. शिवाय लेट्रोझोल हे वंध्यत्वाच्या उपचारातही वापरले जात असल्याने, ते मागितले की काउंटरवरचा मुलगा चार गिऱ्हाइकांसमोर नको तो अंदाज बांधतो. पन्नाशीच्या बाईला हे किती अवघड वाटते, हे तिलाच ठाऊक. निदान तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम घेऊन ठेवाव्यात आणि शेवटचे पाकीट उघडले की पुढची मागवावीत, हा माझा नियम आहे.

आता या अभिप्रायाच्या मुख्य विषयाकडे येते. अमेरिकेत उत्तर कॅलिफोर्नियातील ८,७६९ स्त्रियांच्या औषधखरेदीच्या नोंदी तपासून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की साडेचार वर्षांत ३२ टक्के स्त्रियांनी हार्मोनची गोळी सोडून दिली होती, ज्या घेत होत्या त्यांतही कित्येकींचे खंड पडत होते, आणि पूर्ण मुदत नीट गोळी घेणाऱ्या केवळ ४९ टक्के होत्या. या स्त्रियांना विमा होता, रुग्णालय जवळ होते, नोंदी संगणकावर होत्या. त्याहून अधिक विचार करायला लावणारा अभ्यास फ्रान्समधला, २०२० सालचा आहे. तिथे पाळी न गेलेल्या १,१७७ स्त्रियांच्या रक्तातील टॅमॉक्सिफेनचे प्रमाण उपचार सुरू झाल्यावर वर्षभराने मोजले गेले. १६ टक्के स्त्रियांच्या रक्तात ते पुरेसे नव्हते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींनी गोळी घेत नसल्याचे सांगितलेच नव्हते. रक्तात औषध कमी असलेल्या या गटात आजार दूरच्या अवयवांत पसरण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे दुपटीहून अधिक आढळला.

म्हणजे गोळी बंद आहे हे डॉक्टरांना ठाऊकच नसते. असे का व्हावे, याचे उत्तर मला रुग्णालयाच्या बाकावर मिळाले. फॉलो-अपला नंबर लागेपर्यंत दोन-तीन तास बसावे लागते, शेजारच्या बायका बोलू लागतात, आणि ज्या आत जाऊन 'हो, चालू आहे' असे सांगून येणार असतात, त्या बाहेर मोकळेपणाने सांगतात की दिवाळीपासून बंद केली आहे, किंवा एक दिवसाआड घेते, किंवा घरात कार्य असले की महिनाभर विश्रांती देते. डॉक्टर रागावतील ही भीती असते. ज्या डॉक्टरांनी जीव वाचवला त्यांच्यापुढे हाडे दुखतात म्हणून कुरकुर करणे कृतघ्नपणाचे वाटते. आणि आत मिळणाऱ्या त्या चार-पाच मिनिटांत प्रश्नही असाच विचारला जातो की त्याला होकाराशिवाय उत्तर उरत नाही. मॅमोग्राफीचा अहवाल पाहून होतो, हाताने तपासणी होते, पुढची तारीख मिळते. गोळीविषयी खरे बोलणे व्हावे एवढी जागाच त्या भेटीत नसते.

त्रासाविषयी स्पष्टच लिहिते, कारण तो खरा आहे आणि तो खरा मानला न गेल्यानेच बायका गोळी सोडतात. टॅमॉक्सिफेनवर असताना अंगातून वाफा येतात. थंडीच्या रात्रीही पांघरूण फेकून द्यावे लागते, झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी कामावर डोके चालत नाही. लेट्रोझोलवर हा त्रास असतोच, परंतु सांध्यांचे दुखणे त्यावर मात करते. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या गटातील औषधे घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांना ते होते. सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली असतात, कणीक मळताना मनगट दाद देत नाही, जमिनीवर मांडी घालून बसले की उठायला आधार लागतो. पूजेला बसणे, धुणे पिळणे, बसमध्ये चढताना दांडी धरणे, अशा रोजच्या गोष्टींतून हा त्रास दिवसभर आठवण देत राहतो. पुण्यातील एका मोठ्या खासगी रुग्णालयात मी हे सांगितले तेव्हा 'वयोमानाने होतेच' एवढेच उत्तर मिळाले आणि कॅल्शियमची गोळी वाढवून मिळाली. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, जी या गोळीवर सुरुवातीलाच आणि नंतर ठरावीक अंतराने व्हायला हवी, तीही मलाच आठवण करून मागून घ्यावी लागली.

पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी जे केले, त्यामुळे माझे या विषयावरचे मत बदलले. त्यांनी काही आठवडे गोळी थांबवून पाहिली, दुखणे गोळीचेच आहे याची खात्री करून घेतली आणि त्याच गटातील दुसरी गोळी सुरू केली. गट तोच असला तरी एकीचा त्रास दुसरीने होईलच असे नाही. फ्रान्समध्ये सांधेदुखीमुळे अ‍ॅनास्ट्रोझोल सोडावे लागलेल्या स्त्रियांना लेट्रोझोल दिले, तेव्हा सहा महिन्यांनंतरही त्यांतील सुमारे ७० टक्के ते घेत होत्या. त्याशिवाय नियमित व्यायाम हा येथे उपचारच आहे. अमेरिकेत १२१ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत आठवड्यातून दोनदा वजने घेऊन व्यायाम आणि दीडशे मिनिटे भरभर चालणे, एवढ्याने वर्षभरात सांध्यांची वेदना लक्षणीय कमी झाली. अ‍ॅक्युपंक्चर आणि ड्युलोक्सेटिन हे औषध यांचीही रीतसर चाचणी झालेली असून दोन्हींचा काही प्रमाणात उपयोग दिसला आहे. वाफांसाठी व्हेनलाफॅक्सिनसारखी औषधे आहेत. मात्र टॅमॉक्सिफेन चालू असताना पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची औषधे टाळावी लागतात, कारण टॅमॉक्सिफेनला यकृतात जे परिणामकारक रूप मिळते त्यात ती अडथळा आणतात. नैराश्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या प्रत्येकीने आपली ही गोळी तिथे सांगितलीच पाहिजे. एवढे सगळे उपाय हाताशी असताना 'होतेच' म्हणून रुग्णाला परत पाठवणे ही सेवेतील गंभीर उणीव आहे.

याहून मोठे मौन आहे ते योनीमार्गाच्या कोरडेपणाविषयी. लेट्रोझोलवर हा त्रास फार होतो, संबंध वेदनादायक होतात, लघवीची जळजळ वारंवार होते, आणि पुरुष डॉक्टर, सोबत आलेला मुलगा किंवा दीर, अर्धवट उघडा पडदा अशा परिस्थितीत ही गोष्ट आपल्याकडची बाई बोलणे शक्यच नाही. नवऱ्याशीही ती बोलत नाही. ती गोळी बंद करते, आणि त्रास कमी झाला की गोळीच दोषी होती याची खात्री पटून ती पुन्हा हाती धरत नाही. हार्मोन नसलेली मॉइश्चरायझर आणि वंगणे मेडिकलमध्ये मिळतात आणि आधी तीच वापरायची असतात. त्यापुढचे उपाय कर्करोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचे. प्रत्येक फॉलो-अपमध्ये एखाद्या परिचारिकेने रुग्णाला एकटीला बाजूला घेऊन केवळ हे विचारले तरी किती जणींची गोळी सुटायची थांबेल!

टॅमॉक्सिफेन सोडण्यामागे गर्भाशयाच्या कर्करोगाची भीतीही असते. पाकिटातला कागद वाचून किंवा कोणा नातेवाइकाने मोबाइलवर दाखवल्यावर 'एक कॅन्सर गेला आणि दुसरा ओढवून घ्यायचा का' हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, म्हणून आकडे पुढे ठेवते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅटलास या मोठ्या चाचणीत पाच वर्षांनी थांबणाऱ्या आणि दहा वर्षे घेणाऱ्या स्त्रियांची तुलना झाली. निदानानंतरच्या पाचव्या ते चौदाव्या वर्षांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होण्याचे प्रमाण पहिल्या गटात १.६ टक्के तर दुसऱ्यात ३.१ टक्के होते. परंतु त्याच काळात स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू १५ टक्क्यांवरून १२.२ टक्क्यांवर आले. गर्भाशयाचा धोका मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांना असतो आणि बहुधा रक्तस्रावाने लवकर कळतो. पाळी गेल्यावर थेंबभर जरी अंगावरून लाल गेले तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचे. पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखू लागली किंवा धाप लागली तर रक्ताच्या गुठळीची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. या दोन सूचना मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक पाकिटाबरोबर द्यायला हव्यात. भीतीचा परिणाम स्वतंत्रपणेही होतो. जर्मनीत दोन वर्षे चाललेल्या एका अभ्यासात, गोळी सुरू करतानाच जिला त्रासाची जास्त धास्ती होती, तिला पुढे त्रासही जास्त झाल्याचे आढळले. म्हणून पहिली चिठ्ठी लिहितानाचे बोलणे घाईत उरकण्यासारखे नाही.

घरातले वातावरणही या गोळीच्या विरुद्ध जाते. केस परत आले, बाई स्वयंपाकाला लागली, म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने आजार संपला. मग गोळी कशाला? सासूबाई म्हणतात, इतक्या गोळ्या गरम पडतात. कोणीतरी काढा सुचवतो आणि त्या काढ्याबरोबर गोळी बंद करायला सांगतो. मुलीचे लग्न जमवायचे असेल तर आईचा आजार पाहुण्यांना कळू नये म्हणून पाकिटे धान्याच्या डब्यामागे ठेवली जातात, आणि लपवलेली गोळी रोज ठरल्या वेळी घेणे किती कठीण असते, ते मी जवळून पाहिले आहे. श्रावणात, नवरात्रात उपवास म्हणून गोळी सोडणाऱ्याही भेटतात. ही गोळी उपाशीपोटी चालते, तिला जेवणाची गरज नाही, एवढे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. एखाद्या दिवशी विसरली तर घाबरू नये, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. टॅमॉक्सिफेन रक्तातून उतरायला अनेक दिवस लागतात. नुकसान होते ते महिनोन्‌महिन्यांच्या खंडाने.

ज्यांना अजून मूल हवे आहे अशा तरुण स्त्रियांची अडचण मात्र निराळी आहे, आणि आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरीने सुमारे दहा वर्षे लवकर गाठत असल्याने ती अधिक आहे. टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भधारणा चालत नाही. तिसाव्या-बत्तिसाव्या वर्षी दहा वर्षांची गोळी लिहून देताना मुलाचा विषयच काढायचा नाही, हे क्रौर्य आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॉझिटिव्ह नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत बेचाळीस वर्षांपर्यंतच्या ५१६ स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षे गोळी घेऊन नंतर गर्भधारणेसाठी जास्तीत जास्त दोन वर्षे ती थांबवली. ज्यांच्या गर्भधारणेची माहिती उपलब्ध होती त्यांतील ७४ टक्के स्त्रियांना दिवस गेले, आणि तीन वर्षांत आजार परतण्याचे प्रमाण ८.९ टक्के राहिले, जे खंड न घेतलेल्या तुलनेच्या गटाच्या ९.२ टक्क्यांच्या आसपासच आहे. पुढच्या वर्षांची पाहणी चालू आहे आणि खंडानंतर गोळी पुन्हा सुरू करणे हा त्या योजनेचाच भाग आहे. तरीही डॉक्टरांना विचारून, तारीख ठरवून घेतलेला खंड आणि गुपचूप सोडलेली गोळी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

काही रुग्णालये हल्ली गोळीची आठवण करून देणारे संदेश मोबाइलवर पाठवतात. सुविधा म्हणून ते चांगले आहे, पण त्यावर विसंबू नये. अमेरिकेत ७२४ स्त्रियांना आठवड्यातून दोनदा असे संदेश पाठवून तीन वर्षे पाहिले, तरी फरक पडला नाही. बायका विसरत नाहीत. त्या ठरवून थांबतात, आणि त्या निर्णयामागचे दुखणे कोणी विचारलेले नसते. मला या सेवेत उपयोगी वाटल्या त्या गोष्टी साध्या आहेत: गोळी सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांत केवळ त्रास विचारण्यासाठी एक भेट, फोनवर उत्तर देणारी परिचारिका, लांबच्या रुग्णाला सहा महिन्यांची चिठ्ठी, आणि 'गेल्या महिन्यात किती गोळ्या राहिल्या?' असा रागावल्याशिवाय विचारलेला प्रश्न.

पाचपैकी गुण द्यायचे तर परिणामाला पाच, किमतीला पाच, उपलब्धतेला तीन, वापरातल्या सुसह्यतेला तीन आणि सोबतच्या सेवेला दोन. लेट्रोझोल घेणाऱ्यांनी पहिल्या महिन्यापासून चालणे आणि हलकी वजने सुरू करावीत. दुखू लागेपर्यंत थांबू नये.

ज्यांनी गोळी सोडली आहे त्यांच्यासाठी एक माहिती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६२,९२३ स्त्रियांच्या पाहणीत असे दिसले की पाच वर्षे गोळी पूर्ण केल्यानंतरही पुढील पंधरा वर्षे हा आजार परतत राहतो. गाठ लहान आणि काखेतील ग्रंथी स्वच्छ असल्या तरी तो दूरच्या अवयवांत परतण्याचा धोका १३ टक्के होता. म्हणजे मध्ये वर्ष-दोन वर्षे गेली तरी आता उशीर झाला असे समजण्याचे कारण नाही. फ्रान्समधील एका चाचणीत शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांहून अधिक काळ टॅमॉक्सिफेनविना गेलेल्या स्त्रियांना ते उशिरा दिले, तेव्हाही ईआर पॉझिटिव्ह असलेल्यांना त्याचा फायदा झाला होता. जुना बायोप्सीचा अहवाल, शेवटचे पाकीट, गोळी बंद केल्याचा अंदाजे महिना आणि ती का बंद केली याची दोन ओळींची चिठ्ठी घेऊन ओपीडीत जावे, आणि आत गेल्यावर तोंडाने सांगणे जमले नाही तर ती चिठ्ठी फाइलच्या पहिल्या पानावर लावून द्यावी.